दोन मुठी मीठ

फ्रिजमध्ये ठेवायच्या वस्तूंचे माझ्या लेखी दोनच प्रकार आहेत. गोठल्या तरी चालतात त्या, आणि एकदा गोठल्या की कामातून गेल्या त्या. लोकांना हे पटत नाही. जितकं थंड तितकं चांगलं, असंच सगळे धरून चालतात. अँटिबॉडी दुसऱ्या प्रकारात येते. तिच्या खोक्यावर दोन ते आठ अंश असं छापलेलं असतं आणि शेजारी बर्फाची चांदणी काढून तिच्यावर काट मारलेली असते. ते चित्र मी पाच वर्षं रोज बघत होते. मला माहीत नव्हतं, असं मी कधीच म्हणणार नाही. तेवढी लाज अजून शिल्लक आहे.

गोंदियातल्या एका संशोधन प्रकल्पात मी लॅब टेक्निशियन होते. तान्ह्या बाळांच्या छातीत उतरणारा एक विषाणू आहे, आरएसव्ही म्हणतात त्याला. मोठ्यांना तो नुसती सर्दी देतो आणि महिन्या-दीड महिन्याच्या बाळाचा श्वास अडवतो. त्याच्या अंगावर एक प्रथिन असतं, आणि त्या प्रथिनाचं काम एकच: विषाणूचा पडदा आपल्या पेशीच्या पडद्याला जोडून देणं. साबणाचे दोन फुगे एकमेकांना टेकतात आणि बघता बघता त्यांचा एकच फुगा होतो, तसं. जोडणी झाली की विषाणू आत घुसला. आमची अँटिबॉडी नेमकी त्या प्रथिनाला जाऊन चिकटायची, दुसऱ्या कशालाही नाही. तिला हिरवा चमकणारा रंग लावलेला असायचा. बाळाच्या नाकातला शेंबूड काचेवर पसरायचा, वाळवायचा, वायलमधला, म्हणजे तिच्या इवल्या बाटलीतला, एक थेंब टाकायचा, अर्धा तास थांबून काच धुवायची आणि निळ्या उजेडाच्या मायक्रोस्कोपखाली धरायची. विषाणू असला की अंधारात काजव्यांसारख्या हिरव्या पेशी पेटलेल्या दिसतात. नसला की नुसता काळोख.

पुस्तकात तिला प्रतिपिंड म्हणतात. आमच्यात कोणीच म्हणत नव्हतं.

प्रकल्पाने एक मायक्रोस्कोप देवरीला ठेवला होता, एका न्यासाच्या छोट्याशा बाळांच्या दवाखान्यात. चिचगडकडची, छत्तीसगडच्या हद्दीवरची बाळं गोंदियापर्यंत येत नाहीत. आणलीच तर उशिरा आणतात. म्हणून मी सोमवार ते शुक्रवार देवरीत भाड्याच्या खोलीवर राहायचे. शनिवारी गोंदियाला जाऊन सामान घ्यायचे, संध्याकाळच्या गाडीने सौंदडला घरी यायचे आणि सोमवारी सकाळी हायवेवरून बस धरून परत देवरी. अँटिबॉडीची नवी वायल महिन्यातून एकदा मिळायची. ती आली की शनिवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत आमच्या घरच्या फ्रिजमध्ये, मधल्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीशेजारी असायची. हे नियमात बसत नव्हतं. गोंदियाच्या लॅबच्या प्रमुख मॅडमना ते माहीत होतं, आणि त्यांनी कानाडोळा केला होता.

घरी बाबा एकटेच असतात. मी बारावीला असताना आई गेली. बाबा सौंदड स्टेशनच्या बाहेर कुल्फीची गाडी लावतात. मोठं मडकं, त्यात पत्र्याचे साचे, भोवती फोडलेला बर्फ, आणि बर्फावर जाडं मीठ. मिठाने बर्फ नुसत्या बर्फाहून थंड होतो आणि साच्यातलं दूध दगड होतं. हे मी शाळेत शिकले नाही. सहा वर्षांची असताना त्या मडक्यात हात घालून शिकले. बोटं पत्र्याला चिकटली आणि मी सगळं स्टेशन डोक्यावर घेतलं. पुढे कॉलेजात सरांनी हेच फळ्यावर समजावलं तेव्हा मी हात वर करून म्हणाले होते, सर, आमच्या घरी हे रोज होतं. वर्ग हसला होता. मला मात्र बाबांचा अभिमान वाटला होता.

आता त्या पोरीबद्दल सांगते. तिच्याबद्दल सांगायचं म्हणूनच एवढं लिहायला बसले.

तिची आई चिचगडच्या पलीकडच्या एका टोल्यावरची, म्हणजे चार घरांच्या वस्तीवरची, गोंड घरातली, वीस-एकवीस वर्षांची. पोरगी आठव्या महिन्यातच झाली होती. दवाखान्यात आणली तेव्हा दीड किलोचीही नव्हती, आणि रडली तरी शेजारच्या खाटेवर ऐकू जात नव्हतं. डॉक्टरांनी एकच अट घातली होती. दोन किलो झाली की घरी न्यायची. त्या बाईला त्या दिवसापासून जगात तेवढा एकच आकडा उरला होता.

वजनकाटा व्हरांड्यात माझ्या टेबलाला लागूनच होता. रोज सकाळी सिस्टर पोरीला काट्यावर ठेवायची आणि आकडा असा ओरडून सांगायची की बाहेर चहाच्या टपरीवर ऐकू जावा. ती आई अंग चोरून घ्यायची. पदराचा आडोसा करून ती काट्यापुढे उभी राहायची, पण आवाजाला आडोसा कसा करणार? दवाखान्यात सगळ्यांना ती मॅडम म्हणायची, मला मात्र बाई. एक दिवस ती टेबलाशी येऊन उभी राहिली.

“बाई, तू वाच ना काटा. थे सिस्टर लय जोरानं सांगते. सगळ्या आयकून राहतेत.”

“बरं. मी हळू सांगत जाईन.”

“हळू नोको. कमी सांगजो. दोनशे कमी.”

“लोकांना कमी. आणि तुला खरं?”

“मले बी नोको. मायचीच नजर पयले लागते.”

मी हसले. माझं सगळं काम म्हणजे जे दिसतं तेच लिहायचं, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. आणि इथे एक बाई मला रोज सकाळी खोटं बोलायला सांगत होती. मी कबूल झाले. कागदावर खरा आकडा जायचा आणि तोंडाने दोनशे कमी. एक किलो सातशे झाली तेव्हा मी पंधराशे सांगितलं आणि ती समाधानाने मान हलवून गेली. सिस्टरने आधी कपाळाला हात लावला आणि मग तीही या खेळात सामील झाली. तिचा नवरा आठवडी बाजाराच्या दिवशी यायचा, दाराबाहेर उकिडवा बसायचा, आत कधी येत नसे. एकदा त्याने माझ्यासाठी वास्ते आणले, बांबूचे कोवळे कोंब, पळसाच्या पानात गुंडाळून. कमी वजन सांगते म्हणून मिळालेली ती माझी आयुष्यातली एकमेव बक्षिसी.

मला त्या पोरीचा लळा लागला होता, हे कबूल करायला हवं. तिच्या मनगटात काळा दोरा होता आणि तो आधी सैल होता, मग हळूहळू बसायला लागला. मी रोज काट्याआधी त्या दोऱ्याकडे बघायचे.

पोळा होऊन पंधरा दिवस झाले असतील. शनिवारी गोंदियात नवी वायल मिळाली. मॅडमनी माझ्यासमोर तिची परीक्षा घेतली. त्यासाठी तयार काचा येतात, आधीच विषाणू असलेल्या. त्यांच्यावर थेंब टाकला आणि हिरवं पेटलं की वायल चांगली. छापील कागद म्हणतो, दर वेळी तपासणीआधी अशी एक काच वापरा. आमच्याकडे त्या काचा मोजक्या यायच्या, म्हणून मॅडमनी ठरवलं होतं की एका वायलला एकच काच, तीही गोंदियात. त्या दिवशी ती काच अशी झगझगली की मॅडम म्हणाल्या, “बढिया. ले जाओ.” शिवाय अडीअडचणीला म्हणून दोन काचा देवरीत माझ्या टेबलाच्या खणात पडून होत्या.

घरी पोचले तर लाईट नव्हती. गावची डीपी, विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली होती. रविवारी दुपारपर्यंत माझ्या खोक्यातल्या बर्फाच्या पिशव्या पाणी झाल्या आणि फ्रिज नुसतं कपाट झाला.

“कधी येईल लाईट?” मी विचारलं.

“दोन दिवस तरी येत नाही म्हनतेत,” बाबा म्हणाले.

“माझी वायल खराब होईल हो बाबा.”

“कायले घाबरते? बर्फ कोनाच्या घरी हाय?”

ते खरंच खूश झाले होते. माझ्या कामात त्यांना कधी हात घालता आला नव्हता. मी काय करते हे ते लोकांना “पोरगी लेकरायच्या नाकातलं पाहते” एवढंच सांगू शकत. त्या दिवशी माझं काम त्यांच्या मडक्यात आलं. मी वायल घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवली, डब्याला प्लास्टिक गुंडाळलं. त्यांनी लादी फोडून बर्फ भरला, मध्ये डबा बसवला, वर धानाचा कोंडा आणि ओलं पोतं. त्यांचे हात असे चालत होते की मी बघतच राहिले. मी सांगितलं, “बाबा, थंड राहिली पाहिजे हं. उद्या सकाळपर्यंत.” आठच्या वर जाऊ देऊ नका, या अर्थाने मी ते म्हटलं. दोनच्या खाली जाऊ देऊ नका, हे म्हटलं नाही. कुल्फी करणाऱ्या माणसाला थंड म्हटलं की काय ऐकू येतं, हे जिला लहानपणापासून ठाऊक असावं अशी सौंदडमध्ये एकच व्यक्ती होती, आणि ती मी होते.

सोमवारी सकाळी बाबांनी पोतं दूर केलं आणि डबा काढून, प्लास्टिक सोडवून माझ्या हातात दिला.

“सांजच्याला पाह्यलं तं बर्फ बसून राहिला होता,” ते म्हणाले. “मंग दोन मुठी मीठ टाकलं. एकदम कडक थंड हाय आता. लेकरायचं औषध हाय ना.”

डबा बोटांना चिकटला. सहाव्या वर्षी चिकटला होता तसाच. मी बोटं सोडवली, त्यांना लागलेलं मीठ ओढणीला पुसलं आणि बाबांना म्हणाले, “छान केलं.”

मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. नंतर लक्षात आलं वगैरे काही नाही. डबा उघडायला दोन सेकंद लागले असते. उघडला असता आणि आत बर्फाचा खडा दिसला असता, तर बस सोडायची, उलटी गाडी धरून गोंदिया गाठायचं, मॅडमपुढे उभं राहून घरच्या फ्रिजची आणि मडक्याची गोष्ट सांगायची. आणि सगळ्यात आधी बाबांना सांगायचं की तुम्ही माझं औषध मारलं. ते समोर ओल्या हातांनी उभे होते आणि इतके खूश होते. मी डबा उघडला नाही. तसाच खोक्यात ठेवला, वर साधा बर्फ भरला आणि बसला पळाले.

देवरीला उघडला तेव्हा वायलमध्ये पाणी होतं, स्वच्छ, नेहमीसारखं. गोठून वितळलेली वायल आणि कधीच न गोठलेली वायल यांत डोळ्याला काही फरक दिसत नाही. मी स्वतःला सांगितलं, बघ, गोठलीच नव्हती. उगाच जीव टांगणीला लावलास.

त्याच दुपारी एक बाळ आलं. देवरीतलंच, अडीच महिन्यांचं, खोकणारं, पण दूध पिणारं. दवाखान्यात एक मोठी खोली होती, तिथे सगळ्या आया आणि बाळं, आणि कोपऱ्यातली एक छोटी खोली. ज्याला हा विषाणू असेल त्याने छोट्या खोलीत राहायचं, एवढाच आमचा बंदोबस्त होता. बाळाला आणि आईला तिथे बसवलं होतं आणि बाहेर गोवराचं एक पोर अंग लाल करून ताटकळत होतं.

“मॅडम, जल्दी सांगा,” सिस्टर म्हणाली. “खोली रिकामी करायची का नाही? गोवरवाल्याला कुठे ठेवू?”

मी काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. हिरवं होतं. हे वाक्य मी किती तरी वेळा मनात लिहून खोडलं आहे, पण ते खरं आहे. हिरवं होतं, पण पेटलेलं नव्हतं. पुसट, धुरकट, पाण्याखालच्या शेवाळासारखं. आम्हाला शिकवलं होतं की झगझगीत दिसेल तेच धरायचं, पुसट दिसलं तर तो रंगाचा उरलेला मळ समजायचा. मी डोळा चोळून परत पाहिलं. मग हात खणाकडे गेला. आत त्या दोन काचा होत्या. एक काढून तिच्यावर थेंब टाकला असता तर पाऊण तासात कळलं असतं की बाळाच्या काचेत खोट आहे की माझ्या वायलमध्ये. मी खण बंद केला. काचा मोजक्या आहेत, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण हे की ती काच मला जे सांगेल ते मला ऐकायचं नव्हतं.

मी निगेटिव्ह लिहिलं आणि सही केली. सिस्टरने गोवराच्या पोराला छोट्या खोलीत नेलं आणि खोकणाऱ्या बाळाला मोठ्या खोलीत. तिथे एकच खाट रिकामी होती, माझ्या पोरीच्या शेजारची. माझी म्हणायचा मला काय हक्क आहे, कोण जाणे.

तो आठवडा चांगला गेला, म्हणजे मला तसा वाटला. मंगळवारी ती वीस ग्रॅमने वाढली. बुधवारी पंचवीस. शेजारच्या बाळाची आई बोलघेवडी होती, तिने या बाईला पोरीला तेल कसं चोळायचं ते दाखवलं, दोघी एकमेकींची बाळं धरायच्या. मी येता-जाता ते बघायचे आणि मला बरं वाटायचं. शुक्रवारी सकाळी काट्यावर दोन किलो दहा ग्रॅम आले. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मी घसा साफ केला आणि म्हणाले, “एक किलो आठशे.”

“वाढून राहिली ना, बाई?”

“वाढून राहिली.”

डॉक्टर शनिवारी सकाळी येऊन तिला घरी सोडणार होते. मी आणि सिस्टरने ठरवलं की ते त्यांच्याच तोंडून कळू दे, बाईची काय धांदल उडेल. मी ते मनात घोळवत सौंदडला गेले. बाबांनी विचारलं, “औषध बरोबर राह्यलं ना?” मी म्हणाले, “एकदम.”

सोमवारी परत आले तर खाट रिकामी असेल असं धरून मी मोठ्या खोलीत डोकावले. ती तिथेच होती. शनिवारी पहाटेपासून पोरगी अंगावर पीत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी सोडलं नव्हतं. फासळ्यांच्या मधली कातडी दर श्वासाला आत ओढली जात होती. नाकपुड्या फुगत होत्या. मनगटावरचा दोरा मात्र अगदी बरोबर बसला होता. आई खाटेवर तिला छातीशी धरून डुलत होती आणि मला बघून म्हणाली, “बाई, वजन नोको करू आज.”

मी तिच्या नाकातला नमुना घेतला. या खेपेला मी खणातली काचही काढली. दोन्हींवर त्याच वायलचा थेंब टाकला, त्याच पाण्याने धुतल्या, एकीशेजारी एक ठेवल्या. गोंदियात जी काच डोळे दिपवत होती तिच्यासारखीच ही काच, आणि तिच्यावर आता शेवाळ होतं. पुसट, धुरकट, ओळखीचं. पोरीच्या काचेवरही तेच. मी मायक्रोस्कोपवरून तोंड उचललं नाही. उचललं असतं तर कोणाकडे तरी बघावं लागलं असतं.

पोरीचा अहवाल मी पॉझिटिव्ह दिला. तोवर त्याचा काही उपयोग नव्हता. दुपारी ॲम्ब्युलन्स आली. ऑक्सिजनची नळी तिच्या गालाहून मोठी दिसत होती. आई-बाप दोघंही आत बसले, आणि तिच्या बापाला मी पहिल्यांदाच दाराच्या आत पाहिलं.

आमगावच्या पुढे ती गेली. त्यांनी गाडी तिथूनच वळवली.

मधल्या वेळात मी मॅडमना फोन केला होता. सगळं सांगितलं, फ्रिज, डीपी, मडकं, काच. एकच गोष्ट गाळली. मीठ कोणी टाकलं ते मी सांगितलं नाही. मी म्हणाले, माझ्या हातून गोठली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“कोल्ड चेन ब्रेक हुई. रजिस्टर में लिख दो, नया वायल भेज देती हूँ. होता है ऐसा.”

“मॅडम, त्या रिपोर्टवरून बाळ हलवलं होतं.”

“अगं, प्रीटर्म बच्ची थी. कुठूनही लागलं असतं. तू टेन्शन घेऊ नको.”

मी रजिस्टरमध्ये तीन शब्द लिहिले. कोल्ड चेन ब्रेक. त्या तीन शब्दांवर कोणी काही विचारलं नाही, माझी चौकशी झाली नाही, पगार कापला नाही, कोणी ओरडलंही नाही. कोणी तरी ओरडायला हवं होतं. मी आजवर त्याची वाट बघते आहे.

संध्याकाळ व्हायच्या आत ती दोघं परत आली, सामान न्यायला. एक गोधडी, एक पितळी वाटी, दोन लुगडी. बाप बाहेर उभा होता, हातात पोरीला गुंडाळलेलं गाठोडं, आणि ते गाठोडं इतकं लहान होतं की मी बघू शकले नाही. आईने वाटी धुतली, पदरात बांधली आणि माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. रडत नव्हती.

“बाई, आता खरं सांग. किती झाली होती?”

मला आधी कळलंच नाही.

“वजन,” ती म्हणाली. “आता कोनाची नजर लागते?”

मी कागद काढला. मला आकडा पाठ होता, तरी कागद काढला आणि बोट ठेवून वाचलं. “शुक्रवारी दोन किलो दहा ग्रॅम.”

“दोनच्या वर?”

“दोनच्या वर.”

“मंग झाली होती ना.” तिने वळून दाराकडे पाहिलं आणि नवऱ्याला गोंडीत काही तरी सांगितलं. त्याने गाठोड्याकडे बघून मान हलवली. ती परत माझ्याकडे वळली आणि टेबलावरच्या माझ्या हातावर तिने हात ठेवला. “तू लपवलं म्हनून तं वाढली, बाई.”

तेव्हा सांगायला हवं होतं. ती समोर उभी राहून खरं सांग म्हणत होती. मी अजून काय लपवलं होतं ते सांगायला तोंडाशी आलं होतं, वायल, डबा, मीठ, खण. ती माझे डोळे ओरबाडेल असं वाटलं असतं तर कदाचित सांगितलंही असतं. पण तिने हात ठेवला होता. मी नुसती मान हलवली. ती दोघं बसस्टँडकडे गेली आणि चिचगडच्या गाडीची वाट बघत बसलेली मला माझ्या खिडकीतून बराच वेळ दिसत होती.

प्रकल्प पुढे संपला. मी आता गोंदियात एका खासगी लॅबमध्ये साखर आणि हिमोग्लोबिन मोजते. तिथे काही जीवघेणं नाही, निदान माझ्या टेबलावर तरी नाही. वायल हातात घेतली की अजून मी ती आधी उजेडाला धरते, आणि मला ठाऊक असतं की उजेडाला धरून काहीच कळत नाही.

रविवारी सौंदडला जाते. बाबा थकलेत पण गाडी सोडत नाहीत, मी असले की मला शेजारी स्टुलावर बसवतात. गिऱ्हाईक कोणीही असो, कडेवर लेकरू दिसलं की त्यांची ती गोष्ट सुरू होते. गावची डीपी जळाली होती, पोरीचं औषध खराब होऊन राहिलं होतं, फ्रिज हात वर करून मोकळा झाला, तेव्हा कामाला आलं ते हे मडकं. परवाही असंच झालं. एक बाई सहा-सात महिन्यांची मुलगी घेऊन उभी होती. बाबा तिला सगळं रंगवून सांगत होते, आणि शेवटी माझ्याकडे वळले.

“किती लेकरं वाचली असतीन वो त्या औषधानं?”

त्या बाईनेही कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या मुलीच्या मनगटात काळा दोरा होता.

“पुष्कळ, बाबा,” मी म्हणाले.

ते हसले, मडक्यातला बर्फ खाली बसला होता तो त्यांनी हलवला, वरून एक मूठ मीठ टाकलं आणि पिशवी माझ्यापुढे धरली. “दुसरी तू टाक,” म्हणाले. मी टाकली.